मागापासून वर्गापर्यंत : डॉरथी हीथकोट आणि शिक्षकांच्या शिक्षणातील नाट्य

शाळा आणि रंगभूमी यांचे नाते जुने असले तरी ते बहुधा स्नेहसंमेलनापुरते मर्यादित राहिले आहे. वर्षातून एकदा पडदा वर जातो, निवडक मुले पाठ केलेली वाक्ये म्हणतात, पालक टाळ्या वाजवतात आणि दुसऱ्या दिवसापासून वर्ग पूर्ववत सुरू होतो. ही चौकट मान्य केली, तर शिक्षक घडवणाऱ्या संस्थेत रंगकर्मीचे काम एवढेच उरते की, संमेलनाचे नाटक नीटनेटके कसे बसवावे हे भावी शिक्षकांना शिकवावे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या ईशान्येकडील न्यूकॅसल येथे या समजुतीला एक वेगळे आणि मूलगामी उत्तर दिले गेले. ते देणारी व्यक्ती डॉरथी हीथकोट ही होय. नाट्यशाळेत शिकलेल्या आणि शिक्षकी पेशाचे कोणतेही प्रमाणपत्र नसलेल्या या बाईंनी १९५० ते १९८६ अशी छत्तीस वर्षे शिक्षकांना शिकवले.

हीथकोट यांच्यापूर्वी इंग्लंडमध्ये वर्गनाट्याची परंपरा नव्हती असे नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ससेक्समधील सॉम्प्टिंग या खेड्यातील मुख्याध्यापिका हॅरिएट फिनले-जॉन्सन यांनी इतिहास-भूगोलासारखे विषय मुलांकडून नाट्यरूपाने शिकून घेतले होते. केंब्रिजच्या पर्स शाळेतील कॉल्डवेल कुक यांचा खेळातून शिक्षणाचा आग्रह धरणारा ग्रंथ १९१७ साली प्रसिद्ध झाला. १९५४ मध्ये पीटर स्लेड यांनी बालनाट्य ही प्रौढांच्या रंगभूमीची लहान आवृत्ती नसून ती मुलांची स्वतंत्र कला आहे, असे आग्रहाने मांडले. स्लेड यांच्या विचारात मुलाचे स्वातंत्र्य सर्वोच्च होते. शिक्षकाने जवळ राहावे, परंतु मध्ये येऊ नये. हीथकोट यांचा मार्ग नेमका येथेच वेगळा झाला. त्यांच्या मते शिक्षकाने बाजूला उभे राहायचे नसून नाट्याच्या आतच प्रवेश करायचा असतो.

डॉरथी यांचा जन्म १९२६ साली यॉर्कशरमधील स्टीटन या गावी झाला. लोकरीच्या गिरण्यांचा तो प्रदेश. चौदाव्या वर्षी शाळा सोडून त्या गिरणीत विणकाम करू लागल्या. एका वेळी तीन माग सांभाळण्याचे त्यांचे काम होते. एकोणिसाव्या वर्षी ब्रॅडफर्ड येथे एस्मे चर्च या अभिनेत्री-दिग्दर्शिकेने चालवलेल्या नाट्यशाळेत त्यांना प्रवेश मिळाला आणि फीचा भार गिरणीच्या मालकाने उचलला. तेथे जमले नाही तर तुझे तीन माग तुझी वाट पाहत असतील, असे आश्वासनही त्याने दिले होते. बीबीसीने १९७१ साली हीथकोट यांच्या कार्यावर काढलेल्या माहितीपटाला याच तीन मागांवरून नाव मिळाले. त्या मागांकडे त्यांना परत जावे लागले नाही. तथापि विणकाम करणाऱ्या स्त्रीच्या हातातील कसब, तिची भाषा आणि श्रमाविषयीचा आदर या गोष्टी त्यांच्या अध्यापनातून कधी पुसल्या गेल्या नाहीत.

न्यूकॅसलमधील किंग्ज कॉलेज त्या वेळी डरहॅम विद्यापीठाचा भाग होते. (१९६३ मध्ये त्याचे स्वतंत्र विद्यापीठ झाले.) तेथील शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक ब्रायन स्टॅन्ली यांनी १९५० साली चोवीस वर्षांच्या, पदवी नसलेल्या या तरुणीची नेमणूक केली. या धाडसाला काळाची पार्श्वभूमी होती. १९४४ च्या शिक्षणविषयक कायद्याने माध्यमिक शिक्षण सर्वांसाठी खुले केले होते. १९४७ मध्ये शाळा सोडण्याचे किमान वय पंधरा वर्षे झाले. ज्यांच्या घरी पुस्तकाची परंपरा नव्हती अशी मुले मोठ्या संख्येने वर्गात बसू लागली. त्यांना केवळ व्याख्यान आणि फळा यांच्या बळावर बांधून ठेवणे शिक्षकांना अवघड जात होते. चौदाव्या वर्षी स्वतः शाळेबाहेर पडलेली व्यक्ती अशा मुलांशी कोणत्या भाषेत बोलेल, हा प्रश्न म्हणूनच केवळ कुतूहलाचा नव्हता.

हीथकोट यांच्या पद्धतीचे मर्म ‘भूमिकेतील शिक्षक’ या संकल्पनेत आहे. शिक्षक वर्गात येतो तो ज्ञानाचा मालक म्हणून नव्हे. तो एखाद्या पात्राच्या रूपाने येतो. हे पात्र पुष्कळदा अडचणीत सापडलेले, काही माहीत नसलेले, मदत मागणारे असते. त्यासाठी वेशभूषा लागत नाही, रंगमंच लागत नाही आणि प्रेक्षकही नसतात. आवाजातील किंचित बदल, उभे राहण्याची ढब आणि एक नेमका प्रश्न एवढ्यावर प्रसंग उभा राहतो. हवे तेव्हा शिक्षक भूमिकेतून बाहेर येतो, घडलेल्या गोष्टीकडे मुलांसह मागे वळून पाहतो आणि पुन्हा आत जातो. कृती आणि चिंतन यांची ही ये-जा हाच त्यांच्या दृष्टीने खरा पाठ होता. कथानक पुढे ढकलण्याची घाई त्यांना मुळीच नसे. एकाच क्षणी थांबून, या प्रसंगी माणूस असे का वागतो, हे मुलांना शोधायला लावणे त्यांना अधिक मोलाचे वाटे.

वर उल्लेखिलेल्या माहितीपटात या पद्धतीचे एक लक्षणीय उदाहरण आहे. सुधारगृहातील मुलांनी युद्धकैद्यांच्या छावणीचे नाट्य निवडले आणि बाई स्वतः जर्मन अधिकाऱ्याच्या भूमिकेत त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. समाजाने ज्यांना बंदिस्त केले आहे त्या मुलांनी बंदिवासाचा विषय निवडावा यात नवल नाही. नवल आहे ते शिक्षिकेने स्वीकारलेल्या जागेत. मुलांना प्रतिकार करता यावा म्हणून तिने सत्ताधाऱ्याची बाजू घेतली. परंतु तो प्रतिकार नुसत्या आरडाओरड्यात संपू दिला नाही. सोबत्यांशी इमान राखणे म्हणजे काय आणि फितुरीची किंमत कोण मोजतो, या प्रश्नांपर्यंत त्यांना जावे लागले. उपदेशाने जे साधले नसते ते येथे भूमिकेच्या आडून साधले. मुलांना संरक्षणही मिळाले आणि जबाबदारीही.

पुढील काळात त्यांनी ‘तज्ज्ञतेची शाल’ असे ज्याचे वर्णन करता येईल ती पद्धत विकसित केली. मुलांनी एखाद्या उद्योगाचे, संस्थेचे वा कार्यशाळेचे जाणकार कर्मचारी व्हायचे आणि काल्पनिक ग्राहकाने सोपवलेले काम पार पाडायचे. त्या कामासाठी वाचणे, हिशेब करणे, पत्रे लिहिणे, नकाशे काढणे अपरिहार्य होते. म्हणजे अभ्यासक्रमातील विषय गरजेपोटी येतात. गॅव्हिन बोल्टन यांच्या सहकार्याने या पद्धतीवर त्यांनी लिहिलेले पुस्तक १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. गिरणीतील अनुभवाचा धागा येथे स्पष्ट दिसतो. काम चोख झाले पाहिजे, कारण कोणीतरी त्यावर विसंबून आहे, ही कारागिराची नीती त्यांनी वर्गात आणली.

शिक्षक-प्रशिक्षणाच्या दृष्टीने या कार्याचे महत्त्व आणखी वेगळे आहे. न्यूकॅसलला येणारे बरेचसे विद्यार्थी अनुभवी शिक्षक होते. त्यांना हीथकोट अभिनय शिकवत नसत. त्यांच्या डोळ्यांदेखत त्या अनोळखी मुलांचा वर्ग घेत आणि नंतर प्रत्येक निर्णयाची चिकित्सा होई : हा प्रश्न का विचारला, येथे गप्प का राहिले, सत्ता मुलांच्या हाती कोणत्या क्षणी गेली. आपले चुकण्याचे भय आणि गोंगाट कितपत सहन होतो याची मर्यादा शिक्षकाने स्वतः ओळखावी, असा त्यांचा आग्रह असे. प्राध्यापिका बेटी जेन वॅग्नर यांनी १९७६ साली लिहिलेल्या पुस्तकामुळे आणि अमेरिकेत तयार झालेल्या चित्रफितींमुळे ही पद्धत अटलांटिकपार पोहोचली.

या कार्यावर टीकाही झाली व ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. १९८९ मध्ये डेव्हिड हॉर्नब्रुक यांनी असा आक्षेप घेतला की, नाट्याला केवळ शिकण्याचे साधन बनवल्याने नाट्यकलेचा वारसा, संहिता आणि रंगमंचीय कौशल्ये वर्गातून हद्दपार झाली. त्यापूर्वीच, १९८८ च्या कायद्याने आलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात नाट्याला स्वतंत्र विषयाचे स्थान मिळाले नव्हते. ते इंग्रजी विषयाच्या पोटात गेले. ज्याला स्वतःची विद्याशाखा नाही त्याला तासिकाही मिळत नाही, हा व्यवहार हीथकोट यांच्या समर्थकांनाही नाकारता आला नाही. दुसरा आक्षेप असा की, हे सारे एका विलक्षण व्यक्तिमत्त्वाचे यश होते. परंतु बोल्टन, सेसिली ओनील यांच्यासारख्यांनी त्या विचाराचा आपापल्या पद्धतीने विस्तार केला, यावरून व्यक्तीपलीकडे टिकणारे असे त्यात काही होते हे मान्य करावे लागते. हीथकोट यांचे निधन २०११ साली झाले.

भारतीय वाचकाला हा इतिहास परका वाटण्याचे कारण नाही. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत ताराबाई मोडक ज्यांच्या सहकारी होत्या त्या गिजुभाई बधेका यांनी ‘दिवास्वप्न’ या पुस्तकात गोष्टींचे नाट्य करणारा वर्ग आधीच रंगवला होता. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने १९८९ मध्ये शिक्षणातील रंगभूमीसाठी स्वतंत्र पथक उभारले. २०१४ च्या नियमांन्वये दोन वर्षांच्या बी.एड. अभ्यासक्रमाच्या चौकटीत ‘शिक्षणातील नाट्य व कला’ हा घटक समाविष्ट झाला. न्यूकॅसलला हीथकोट यांना जे स्थान एका प्राध्यापकाच्या धाडसामुळे मिळाले होते, ते येथे कागदावर तरी नियमाने मिळाले.

मात्र नियम तास देऊ शकतो, तो तास घेणारी व्यक्ती देऊ शकत नाही. हा घटक गुणपत्रिकेतील एक रकाना ठरणार की शिक्षकाला वर्गातील आपली जागा नव्याने शोधायला लावणार, हे प्रत्येक अध्यापक महाविद्यालय रंगकर्मीला कशासाठी बोलावते यावर अवलंबून आहे. संमेलनाचे नाटक बसवण्यासाठी बोलावले, तर एक नाटक बसेल. ज्याला उत्तर ठाऊक आहे त्याने मुलांसमोर काही काळ न जाणणारा होऊन उभे कसे राहावे, हे शिकण्यासाठी बोलावले, तर त्याचा परिणाम नाटकाचा तास संपल्यावरही, गणिताच्या आणि इतिहासाच्या वर्गात, दिसत राहील.