जीपच्या पाचरीचं कूळ

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत हौशी मंडळी जुनी महिंद्रा जीप उंच करून घेतात, तेव्हा पुढचे पाटे (लीफ स्प्रिंग) आणि त्यांवर टेकलेला ॲक्सल यांच्यामध्ये कधी कधी लोखंडी पाचर बसवावी लागते. या पाचरीचं कूळ निघतं एका वायुनौकेशी.

९ ऑगस्ट १८८४ रोजी शार्ल रनार आणि आर्थर क्रेब्स यांनी पॅरिसजवळ ‘ला फ्रान्स’ ही वायुनौका उडवली आणि २३ मिनिटांत सुमारे ८ किलोमीटर फिरवून निघाल्या जागी उतरवली. निघालेल्या जागी परत येणारं ते पहिलं उड्डाण. याच क्रेब्सने १८९६ च्या ब्रिटिश पेटंटात मोटारीच्या पुढच्या चाकांसाठी एक रचना मांडली. चाक ज्या खुंटीभोवती वळतं तिची रेषा जमिनीला चाकाच्या टेकण्याच्या पुढे मिळावी, म्हणजे धक्क्याने एकमेकांशी तिरके झालेले पुढचा-मागचा ॲक्सल आपसूक समांतर होतील.

ही युक्ती फर्निचरच्या फिरत्या चाकांवरून आली म्हणतात. ते पटत नाही. ती चाकं गरगर कुठेही फिरतात. सायकलच्या तिरक्या फोर्कचा दावा वजनदार आहे, १८८५ ची रोव्हर सर्वांसमोर होतीच. पण सायकल कलते आणि कलण्यातून सावरते. चारचाकीला ती सोय नाही. वाऱ्याने ढळलेली दिशा पुन्हा धरायची, हा प्रश्न सुकाणूशी झगडलेल्या माणसाचा. क्रेब्सने तो आकाशातून रस्त्यावर आणला, असं मी ठामपणे म्हणतो.

पुढे विलिस जीप आली, १९४७ पासून महिंद्राने ती मुंबईत जुळवली. तिच्या सीजे-३बी घराण्यात खुंटीचा हा कल (कॅस्टर) ३ अंशांचा. तिच्या पुढच्या पाट्याचं शॅकल, म्हणजे पाटा चेसिसला जोडणारी हलती कडी, पुढच्या टोकाला असतं. उंचीसाठी लांब शॅकल लावलं की ते टोक खाली जातं, ॲक्सल पुढे लोळतो आणि ते ३ अंश आटतात. मग भिवंडी बायपासवर गाडी सरळ राहत नाही, वळणानंतर स्टेअरिंग परत येत नाही. पाचरीची जाड बाजू पुढे ठेवली की कल परततो; मात्र ॲक्सल अखंड असल्याने डिफरन्शियलचं नाक खाली झुकतं आणि प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर ताण येतो. फार उंच गाडीला म्हणूनच पाचर पुरत नाही. ॲक्सलच्या हाउसिंगची टोकं कापून, फिरवून पुन्हा वेल्ड करावी लागतात. टो, म्हणजे पुढची चाकं किती आत-बाहेर वळलेली ठेवायची ते, सगळ्यांत शेवटी लावायचा, कारण कल बदलला की तोही बदलतो.