सांभाळणाऱ्या बाईची नोंद

निजामाची राजवट, मुक्तिसंग्राम, भाषावार प्रांतरचना यांवर आपण पुष्कळ ऐकतो. आज बिलोलीत जरा वेगळ्या इतिहासावर बोलायचंय. घरातलं लेकरू, अंथरुणाला खिळलेला सासरा, अपंग मुलगा यांना जी सांभाळते, तिची नोंद सरकारदरबारी कधी झाली?

सुरुवात १९७२ च्या दुष्काळापासून करू. मराठवाड्यात तेव्हा बाया खडी फोडायला गेल्या. त्या दुष्काळी कामांतूनच रोजगार हमीला बळ मिळालं आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. बाईला तिच्या कामाची मजुरी मिळाली, ही मोठीच गोष्ट. पण कामावर आलेल्या लेकराचं काय? २००५ च्या केंद्राच्या कायद्यात याचं उत्तर लिहिलं गेलं. कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील, तर त्यांना सांभाळायला त्यांच्यातलीच एक बाई नेमायची आणि तिलाही मजुरी द्यायची.

आता बघा. झाडाखाली पाच लेकरं सांभाळली तर ते काम. तीच बाई संध्याकाळी घरी येऊन तेच करते, तर ते काम नाही! जनगणनेतही घरकाम आणि सेवा करणारी बाई ‘काम न करणाऱ्यांत’ मोजली गेली. २०१० मध्ये अरुणकुमार अग्रवाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं यावर कडक शब्दांत नाराजी नोंदवली. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत दिसलं, की घरातल्यांची देखभाल करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी १३४ मिनिटं जातात, पुरुषाचे ७६. स्वयंपाक-धुणंभांडी यात धरलेलीच नाहीत.

मग कायदे नव्हते का? होते. संजय गांधी निराधार योजना १९८० पासून आहे. आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा २००७ चा. पण दोन्हींची नजर ज्याला सांभाळायचं त्याच्यावर. जी सांभाळते ती कागदावर येतच नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मात्र ‘काळजीवाहक’ या शब्दाची व्याख्या आली. पैसे घेऊन किंवा न घेता सेवा करणारे, त्यात आईवडील आणि घरचेही आले. ज्यांना जास्त आधार लागतो, अशा दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूदही त्यात आहे. अट एवढीच, की सरकारच्या आर्थिक कुवतीत बसेल तसं. इथंच घोडं अडतं.

इंग्लंडचं उदाहरण घ्या. तिथं १९७६ मध्ये सेवा करणाऱ्यांना भत्ता सुरू झाला, पण लग्न झालेल्या बायांना वगळून. का, तर त्या घरीच असतात! जॅकी ड्रेक या बाईंनी आईच्या सेवेसाठी नोकरी सोडली होती. त्या युरोपीय न्यायालयापर्यंत गेल्या आणि १९८६ मध्ये जिंकल्या. आपल्याकडे केरळात ‘आश्वासकिरणम्’ योजनेत घरी सांभाळ करणाऱ्यालाच महिना ६०० रुपये ठरले. रक्कम तुटपुंजी, पण ती सांभाळणाऱ्याच्या नावानं आहे.

कुणी म्हणेल, आपल्याकडे २०२४ पासून लाडकी बहीण आहे की! आहे, आणि १५०० रुपयांचा आधारही होतो. पण ते वय आणि उत्पन्न बघून मिळतात. ती कुणाला सांभाळते, हे त्यात बघितलं जात नाही. पासष्टी ओलांडली की तेही बंद. आपल्याकडची तरणी माणसं हैदराबादला, पुण्याला कामाला जातात, तेव्हा मागं आजारी म्हाताऱ्याची सेवा बऱ्याचदा सत्तरीची म्हातारीच करत असते.

म्हणून मागणी पैशाच्याही आधी नोंदीची हवी. निराधारच्या अर्जावर, अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासोबत एक रकाना असावा: ‘सांभाळ कोण करतं?’ नाव लिहिलं गेलं, की भत्ता मागता येतो, चार दिवसांची सुट्टी मागता येते. ग्रामसभेत हा ठराव मांडायला कुणाची परवानगी लागत नाही. तेवढं तरी करूया.