मानस कोणाच्या हातात?

कपाशीच्या काही तासांमागे तुरीचं एक तास टाकायची वऱ्हाडाची रीत जुनी आहे. एका रानातून दोन पिकं निघतात आणि त्यांचं भांडण होत नाही, कारण दोन्हींचा धनी एकच. नेदरलँड्सच्या समुद्रात २०२४ साली पवनचक्क्यांच्या खांबांमधल्या पाण्यात शेवाळाची शेती मांडली गेली. बेल्जियमने त्याआधीच अशा ठिकाणी कालवांच्या जातीचे शिंपले वाढवून पाहिले. तिथे मात्र धनी दोन आहेत, मग शब्द कोणाचा चालायचा? वऱ्हाडातल्या वाचकाला हा प्रश्न लांबचा वाटेल, पण तो नवा नाही. गोव्याच्या खाजनांनी तो कित्येक शतकं हाताळला आहे.

मांडवी-जुवारीच्या काठची सुमारे १८,००० हेक्टर खाजन जमीन बांध घालून खाडीकडून मिळवलेली. बांधात मानस, म्हणजे पाण्याचं दार, असते. भरतीचं पाणी बाहेरून रेटलं की तिच्या लाकडी फळ्या आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. पावसाळ्यात आत खारं सोसणारं कोरगुट भात. आणि ओहोटीला बाहेर पडणारी कोळंबी, मासळी मानशीच्या तोंडाशी बांधलेल्या जाळ्यात. या मासळीच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, गावकरी ही गावाची संस्था करायची. पोर्तुगीज अधिकारी अफोन्सो मेशियाच्या १५२६ च्या फोरालमध्ये, म्हणजे सनदेत, गावकरीच्या चालीरीती नोंदल्या आहेत, म्हणजे पोर्तुगीज आले तेव्हा ही संस्था चांगली मुरलेली होती. जाळं लावणारा जिला पैसे भरी, तीच संस्था भाताचीही राखणदार होती. म्हणून फळ्या आपोआप चालू द्यायच्या की अडवून ठेवायच्या, हे भात ठरवी. (गावकरीला सोन्याचा मुलामा द्यायचं कारण नाही, तिथला अधिकार ठरावीक घराण्यांतल्या पुरुषांचा होता.)

१९६४ च्या कूळ कायद्यानंतर बांधांचा कारभार कुळांच्या संघटनांकडे गेला. पुढे कोळंबीचा भाव चढला, भातशेती परवडेनाशी झाली आणि अनेकांनी नांगर सोडला. मग ठिकठिकाणी पावणी घेणाऱ्याने फळ्या भरतीलाही उघड्या ठेवल्या. खारं पाणी शेतात शिरलं, बांध खचले. हा सारा भावाचा खेळ, संस्थेचा काय संबंध, असं कोणी म्हणेल. पण मासळी पूर्वीही विकलीच जात होती आणि मानशीची घडणही तीच होती. बदललं ते एवढंच की भाताची बाजू लावून धरणारं कोणी मानशीपाशी उरलं नाही.

पवनचक्कीला मानस नसते, शेवाळाने वारा अडत नाही, मग तंटा कसला, हा आक्षेप वरवर बिनतोड आहे. पण शेवाळाच्या दोरांना नांगर लागतात आणि समुद्राच्या तळाशी विजेच्या केबली असतात. दुरुस्तीच्या बोटीला वाट लागते ती नेमकी त्या दोरांमधून. दोर तुटला किंवा केबल दुखावली तर भरपाई कोणी द्यायची, वादळानंतर आधी कोणाची बोट आत जायची, आणि पूर्वी तिथे जाळी टाकणाऱ्या मच्छीमाराचा वाटा कुठे, हे करारातच ठरवावं लागेल. गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी ५०० मेगावॉटच्या पवनचक्की प्रकल्पांना केंद्राने २०२४ मध्ये अर्थसाहाय्य मंजूर केलं. हे करार लिहायची वेळ आपल्याकडेही आली आहे.