नेटवर्कच्या कार्यमापनातील चुका

दळणवळण नेटवर्कची क्षमता मोजताना किंवा गणिताने वर्तवताना होणाऱ्या चुका. सर्वांत दूरगामी चूक गृहीतकाची होती. टेलिफोन कॉल प्वासाँ वितरणानुसार, म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेल्या यादृच्छिक क्षणी, येतात, हे डेन्मार्कचे ए. के. एर्लांग यांनी १९०९ मध्ये मांडले. कॉलना ते चपखल लागू पडले आणि पुढे पुरेशी पडताळणी न करताच डेटालाही लावले गेले. या गृहीतकानुसार लांब कालावधीची सरासरी घेतली की चढउतार सपाट होतात. अमेरिकेतील बेलकोर या दूरसंचार संशोधन संस्थेत १९८९ ते १९९२ दरम्यान ईथरनेट या स्थानिक नेटवर्कवरील पॅकेटे (डेटाचे तुकडे) मोजली, तेव्हा उलटच दिसले. मिलिसेकंदांच्या आलेखातले उसळणे मिनिटांच्या आलेखातही तसेच टिकून होते. लेलँड, ताक्कू, विलिंगर व विल्सन यांनी १९९३ मध्ये हा निष्कर्ष मांडला. अशा रहदारीसाठी जुन्या सूत्रांनी काढलेला विलंब प्रत्यक्षापेक्षा फारच कमी भरतो.

बँडविड्थलाच, म्हणजे वाहिनीत सेकंदाला किती डेटा मावतो यालाच, वेग समजणे ही नेहमीची चूक. भूस्थिर उपग्रहामार्गे संदेश जाऊन उत्तर यायला सुमारे अर्धा सेकंद लागतो. इंटरनेटवर डेटा पोचवणाऱ्या टीसीपी या नियमावलीच्या मूळ रचनेत पोच येईपर्यंत ६५,५३५ बाइटांहून अधिक डेटा पाठवता येत नाही. त्यामुळे वाहिनी १०० मेगाबिटची असली तरी एका जोडणीला सेकंदाला जेमतेम १ मेगाबिट मिळतो. ही मर्यादा वाढवण्याची सोय १९९२ मध्ये आली.

नुसती सरासरीही फसवी. ९९ पॅकेटांना १० मिलिसेकंद आणि एकाला पूर्ण सेकंद लागला, तर सरासरी २० मिलिसेकंदांच्या आत राहते. कॉलमधला आवाज मात्र त्या एका पॅकेटापाशी तुटतो. रिकाम्या नेटवर्कवरची पिंग चाचणीही अपुरीच. बफर (पॅकेटे थांबून राहतात ती जागा) भरलेले असतानाचा विलंब मोजायला हवा.