मंडळाची पहिली बैठक

प्रवेशाची धांदल संपली की मुखेडसारख्या तालुक्याच्या गावी महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर वाङ्मय मंडळाच्या बैठकीची सूचना लागते. वाडी-तांड्यांवरून एसटीने येणारी प्रथम वर्षाची मुले-मुली मागचे बाक धरून बसतात, आणि प्रास्ताविकापासून आभारापर्यंत सगळे ठरल्याप्रमाणे पार पडते. ही पुण्या-मुंबईची रीत, इकडे ती उशिरा पोचली, असा सर्वसाधारण समज आहे. तो निम्माच खरा आहे. मुंबईत एल्फिन्स्टनच्या प्राध्यापक-विद्यार्थ्यांनी 1848 मध्ये स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली, तिच्या मराठी आणि गुजराती ज्ञानप्रसारक सभा झाल्या, आणि वर्षभरात या मंडळींनी मुलींच्या शाळाही उघडल्या. तिथे सभा भरवणे हे उत्साहाचे काम होते. मुखेड ज्या हैदराबाद संस्थानात होते, तिथे ते परवानगीचे काम होते. ‘गश्ती निशाण 53’ या फर्मानाने जाहीर सभेवर सरकारी मंजुरीचे कुलूप लावले होते, आणि 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षण उर्दूतून चाले. मराठी मुलांनी चारचौघांत मराठीत बोलणे याला इथे आपोआपच राजकीय अर्थ येई.

तो अर्थ नोव्हेंबर 1938 मध्ये उघड झाला. औरंगाबादच्या इंटरमिजिएट महाविद्यालयाच्या वसतिगृहात प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावर बंदी आली. विद्यार्थ्यांनी ती मानली नाही, संप हैदराबादपर्यंत पसरला, अनेकांची नावे काढून टाकण्यात आली. त्यांना पुढे नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले, पी. व्ही. नरसिंह राव त्यांपैकीच एक. मराठवाड्यात विद्यार्थ्यांच्या एकत्र येण्याची परंपरा शोधायची तर ती स्नेहसंमेलनांच्या आधी या वसतिगृहात सापडते, असे माझे म्हणणे आहे.

यावर कुणी म्हणेल, ते आंदोलन होते, मंडळ नव्हे. आणि त्यातली मुले बहुतेक शहरी, वरच्या जातींतली. दुसरा आक्षेप वजनदार आहे. 1938 ची परंपरा तेवढ्यावरच थांबली असती, तर मुखेडच्या तांड्यावरच्या मुलाचा तिच्याशी काही संबंध उरला नसता. पण 1950 मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले आणि त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले, तेच पुढचे मिलिंद. तिथले प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ नाटक लिहिले. ज्यांच्या आजोबांना गावच्या पारावर बसायची मुभा नव्हती, ती मुले रंगमंचावर उभी राहिली. मिलिंदच्याच परिसरातून गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक आले. बैठकीत बोलणे कुणाच्या वाट्याला यावे, हा प्रश्न इथे जितका थेट सोडवला गेला, तितका पुण्यातल्या जुन्या वक्तृत्वसभांत क्वचितच गेला असेल.

मग आजची मंडळे इतकी निर्जीव का? महाविद्यालयाचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलीसाठी छायाचित्र हवे म्हणून बैठक भरते, ही तक्रार खोटी नाही. मात्र तिचे कारण मुलांच्या उदासीनतेत शोधणे सोयीचे असले तरी अपुरे आहे. 17 सप्टेंबर 1994 ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, नांदेडला त्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे विद्यापीठ झाले. त्याच वर्षीच्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका थांबवून गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली. विद्यापीठ जवळ आले, मत लांब गेले. निवडणुकांतल्या गुंडगिरीला आळा घालण्यासाठी हे आवश्यक होते, असे समर्थन केले जाते, आणि त्या काळातल्या हाणामाऱ्या पाहता ते पोकळ म्हणता येणार नाही. पण गुंडगिरीचा बंदोबस्त वर्गप्रतिनिधीपुरता होता. मंडळाचा सचिव, बैठकीचा विषय, वक्त्याचे नाव हेसुद्धा प्राध्यापकांनीच ठरवावे, असे त्या कायद्यात कुठेच म्हटलेले नव्हते. ती सवय आपोआप पडली. म्हणूनच मागच्या बाकावरची मुलगी गप्प बसते तेव्हा तिला बोलता येत नाही असा निष्कर्ष काढण्याआधी, विषय निवडताना तिला कुणी विचारले होते का, हे बघायला हवे.