व्हर्सिंजेटोरिक्स : शत्रूच्या लेखणीनें राखलेला वीर

श्रोतेहो, पराभूतांचा इतिहास बहुधा जेत्यांच्याच लेखणींतून आपल्यापर्यंत येतो. आज ज्या पुरुषाविषयीं मी चार शब्द सांगणार आहें, त्याची कथा तर ज्यानें त्याला जिंकलें त्यानेंच लिहून ठेविली आहे. लिहिणारा ज्यूलिअस सीझर. आणि ज्याच्याविषयीं लिहिलें तो गॉल देशांतील, म्हणजे आजच्या फ्रान्समधील, अर्व्हर्नी जमातीचा तरुण नायक व्हर्सिंजेटोरिक्स.

इ. स. पूर्वीं ५८ पासून सीझरच्या मोहिमा गॉलमध्यें चालू होत्या. तेथील जमाती शूर खऱ्या, परंतु आपसांतील हेवेदावे त्यांना एकत्र येऊं देत नसत. रोमचें फावलें तें या दुहीमुळें. इ. स. पूर्वीं ५२ च्या आरंभीं सीझर इटलीकडील आपल्या प्रांतांत गेला असतां सीनाबम, म्हणजे आजचें ऑर्लेआन्स, येथें रोमन व्यापाऱ्यांची कत्तल झाली. सूर्योदयीं घडलेली ही वार्ता शेताशेतांतून आरोळ्या देत सुमारें १६० मैलांवरील अर्व्हर्नी प्रदेशांत रात्रीचा पहिला प्रहर संपण्यापूर्वींच पोंचली, असें सीझर लिहितो.

व्हर्सिंजेटोरिक्सचा बाप केल्टिलस यानें राजपदाची इच्छा धरली म्हणून स्वजनांनींच त्यास ठार केलें होतें. आतां मुलानें शस्त्र उचलण्याची हांक देतांच प्रत्यक्ष चुलत्यानें त्याला गर्गोव्हिया नगरांतून हांकून दिलें. तो खचला नाहीं. रानोमाळचे निर्धन लोक जमवून त्यानें विरोधकांनाच बाहेर घालविलें, आणि अनेक जमातींनीं त्याला सेनापति मानिलें.

उघड्या मैदानांत रोमन पलटणींशीं झुंजणें व्यर्थ, हें त्यानें ओळखिलें. शत्रूची दाणावैरण तोडावी, हा त्याचा डाव. त्याप्रमाणें बिटुरिजेस जमातीचीं वीसांहून अधिक नगरें एका दिवसांत जाळण्यांत आलीं. अव्हारिकम, आजचें बूर्झ, हें सुंदर शहर तेवढें वांचवावें म्हणून त्या लोकांनीं पायां पडून विनविलें. त्यानें नाइलाजानें मान्य केलें. पुढें तेंच शहर सीझरनें घेतलें आणि आंतील सुमारें ४०,००० जिवांपैकीं जेमतेम ८०० निसटले. बायका, म्हातारे, पोरें, कोणासही रोमन शिपायांनीं वगळलें नाहीं, हें स्वतः सीझरच सांगतो.

गर्गोव्हियापाशीं मात्र डाव उलटला. सुमारें ७०० शिपाई व ४६ शतकनायक गमावून सीझरला माघार घ्यावी लागली. रोमचे जुने मित्र एड्युई हेही बंडांत सामील झाले. परंतु नंतरच्या घोडदळाच्या लढाईंत गॉल हरले आणि व्हर्सिंजेटोरिक्स अलेशियाच्या टेंकडीवरील नगरांत शिरला. सीझरनें भोंवतीं ११ रोमन मैलांचा कोट घातला. बाहेरून येणाऱ्या कुमकेसाठीं आणखी १४ मैलांचा दुसरा.

आंत धान्य संपत आलें. तेव्हां गांवचे मूळ रहिवासी, मांडुबी लोक, बायकामुलांसह बाहेर काढण्यांत आले. आम्हांला गुलाम करा, पण अन्न द्या, अशी त्यांनीं रोमनांपाशीं याचना केली. सीझरनें तटावर पहारे बसवून त्यांना आंत घेण्याची मनाई केली. पुढें त्यांचें काय झालें, याविषयीं तो अक्षरही लिहीत नाहीं. आंत नाहीं, बाहेर नाहीं, असे ते दोन सैन्यांच्या मध्यें उपाशी मेले, हें आपणांस डिओ या मागाहूनच्या इतिहासकाराकडून कळतें.

कुमक आली, पण मोडली. दुसऱ्या दिवशीं व्हर्सिंजेटोरिक्स सभेंत म्हणाला कीं, हें युद्ध मीं स्वतःसाठीं नव्हे, सर्वांच्या स्वातंत्र्यासाठीं केलें. मला मारून रोमनांना तृप्त करा, नाहीं तर जिवंत स्वाधीन करा. त्याला स्वाधीन करण्यांत आलें. सहा वर्षें तो कैदेंत होता, इ. स. पूर्वीं ४६ मध्यें रोमच्या विजययात्रेंत मिरवून त्याला ठार मारण्यांत आलें.

सीझरची ही बखर कितपत खरी मानावी? अलेशियाच्या कुमकेंत अडीच लक्ष पायदळ होतें, हा आंकडा पारखूनच घ्यावा. शत्रु जितका मोठा, तितका जेता मोठा. उलट, आलीझ-सेंत-रेन येथें १८६१ ते १८६५ व पुन्हा १९९१ ते १९९७ मध्यें झालेल्या उत्खननांत सीझरचे खंदक सांपडले आहेत. म्हणजे ग्रंथ टाकाऊ नव्हे. त्याचा हेतु ओळखून तो वाचला पाहिजे.

पहिलें उत्खनन करविणारा तिसरा नेपोलियन. त्यानें १८६५ मध्यें तेथें व्हर्सिंजेटोरिक्सचा भव्य पुतळा उभारला, आणि त्याच सुमारास स्वतः सीझरचें चरित्रही लिहिलें! जेता आणि जित, दोघेही त्याला आपलेसे वाटले. मांडुबींची आठवण करण्यांत मात्र कोणत्याच सम्राटाचा लाभ नव्हता. म्हणून, श्रोतेहो, ती आपणच करावयाची. पुढच्या वेळीं अलेशियाच्या विजयाचें वर्णन आपल्या वाचनांत येईल, तेव्हां त्या दोन कोटांमधल्या मोकळ्या जागेकडे क्षणभर पाहावें, एवढीच विनंति.