डाग आणि विटाळ

राख, चिंच, रिठा आणि पापडखार यांच्या इतिहासावर व्याख्यान म्हटल्यावर कोणाला हसू येईल. परंतु लढाया कधीकाळी होत. भांडी मात्र रोज दोन वेळा घासावी लागत. या रोजच्या कामात आपल्या समाजाने कोणते ज्ञान साठविले आणि कोणती गल्लत केली, एवढेच आज पाहावयाचे आहे.

घरातला मळ मुख्यतः दोन तऱ्हांचा. ओशट मळाला खार लागतो. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते; त्याने तेलकटपणा सुटतो, आणि राखेचे बारीक कण घासण्याचे काम करतात. तांब्यापितळेवर चढलेल्या काळ्या थराला मात्र चिंच हवी. तिच्यातील टार्टारिक आम्ल तो थर विरघळविते. रिठ्याची गोष्ट निराळी. त्यातील सॅपोनिनमुळे पाण्याला फेस येतो, आणि ते खारासारखे जहाल नसल्याने रेशीम-लोकरीला इजा होत नाही. खार आणि आम्ल यांची कामे अशी वेगळी आहेत. आज पुष्कळजण सोडा व लिंबू एकाच वाटीत कालवितात. फसफस मोठी होते, पण दोघांचाही जोर एकमेकांत जिरून जातो.

हे ज्ञान जुने आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तांबे, लोखंड, कासे, पितळ, कथील, शिसे यांच्या शुद्धीसाठी खार, आम्ल आणि पाणी सांगितले आहे. रेशीम व लोकर यांना खारी माती, कांबळ्यांना रिठे, क्षौमवस्त्रांना पांढरी मोहरी. आपल्या वऱ्हाडातलाच दाखला घ्या. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘ऐने अकबरी’त लोणारची नोंद केली, ती काच आणि साबण यांचे साहित्य मिळण्याचे ठिकाण म्हणून. तेथील सरोवराचे पाणी सोड्याचे. त्यातला खार पुढेही दीर्घकाळ काढला जात असे.

१८८८ साली विलायती सनलाइट साबणाच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या. त्या काळच्या साबणांत बहुधा जनावरांची चरबी असे, म्हणून सोवळ्याच्या घरी साबणाला मज्जाव होता. १९१८ च्या सुमारास अर्देशिर गोदरेज यांनी वनस्पतितेलाचा साबण बाजारात आणला, तेव्हा ती अडचण दूर झाली. पाहा, साबण मळ काढतो की नाही हा येथे प्रश्नच नव्हता. तो कशाचा केला आहे, हा प्रश्न होता.

येथेच आपली गल्लत दिसते. ज्या पाचव्या अध्यायात भांड्यांना खार सांगितला, त्यातच विशिष्ट जातीच्या माणसाचा, रजस्वलेचा आणि बाळंतिणीचा स्पर्श झाल्यास स्नान सांगितले आहे. त्यातच कारागिराचा हात सदैव शुद्ध मानला आहे! म्हणजे ज्याच्या हातच्या वस्तूवाचून अडे, त्याच्या हाताला सूट. डाग हा पदार्थाचा गुण आहे. विटाळ हा माणसाने माणसावर लादलेला शिक्का आहे. आपण दोहोंना ‘शुद्धी’ हा एकच शब्द लावला.

त्याची परीक्षा महाडला झाली. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर स्पृश्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी तळ्यात ओतून ते ‘शुद्ध’ करून घेतले. पिण्याच्या पाण्यात शेण कालविणे याला स्वच्छता कोण म्हणेल? त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडातच मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचा दावा दहा वर्षे चालला आणि १९३७ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने निकाल लागला.

तेव्हा राख आणि चिंच यांचे ज्ञान आपण अभिमानाने जपावे; ते प्रयोगाला उतरलेले आहे. चिंच कोणाच्या हातात आहे हे तांब्याचा हंडा विचारीत नाही, तो सारखाच उजळतो. विचारतो तो माणूस. आज घरी गेल्यावर आपण एवढेच पाहावे, की आपली सारी भांडी घासून लख्ख करणाऱ्या बाईंचा चहाचा कप मोरीपाशी वेगळा ठेवलेला आहे काय? असल्यास तो कोणता डाग आहे, आणि कोणाचा?